टेबलावरची मोकळी जागा

लेकीने ऑफिसचं काम घरी आणलं ते बाबांसाठी. आई गेल्यापासून त्यांनी तोंडाला कुलूपच घातलं होतं. पुढ्यात येईल ते जेवायचे, विचारलं तर ‘हं’ म्हणायचे. आणि हाच माणूस आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवून पोरापोरींना हसवत आलेला. त्यांना पुन्हा बोलतं करायचं, एवढं एकच तिने मनाशी धरलं होतं.

कामाला बसायला बाहेरच्या खोलीतलं आईचं टेबल होतं, पण ते एवढंसं. आईचा टाइपरायटर शाळेला देऊन टाकला होता, तरी लेकीचा लांबलचक कीबोर्ड त्यावर मावेना. मग छोटा, टाइपरायटरसारखा खटखट वाजणारा मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचं ठरलं आणि बाबांनाही तिने बळेबळेच दुकानात नेलं.

दुकानदाराने चार-पाच नग मांडले. ती एकेक वाजवून बघू लागली. बाबा डोळे मिटून खुर्चीत बसले होते.

“हा तोंडातल्या तोंडात पुटपुटतो,” ते एकदम म्हणाले. पुढचा वाजला. “हा भांडकुदळ.”

तिसऱ्यावर तिने गंमत म्हणून लिहिलं, ‘बाबा रुसलेत’.

“रुसलो नाहीये,” बाबा डोळे न उघडता म्हणाले. “प्रत्येक बोटाचं वजन वेगळं असतं. वर्गात पाठ फिरवून चुका काढायचो मी. हाच घे.”

लेकीला आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. दुकानदार मात्र प्रामाणिक निघाला. “काका, याला उजव्या बाजूचे आकडे नाहीत बरं का.”

“नसू देत,” बाबा म्हणाले. “शेजारी जागा हवीच आहे.”

घराचा नूरच पालटला. ती बाहेर टाइप करायची आणि बाबा आतल्या खोलीत पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून तिचं लिहिलेलं मोठ्याने वाचायचे, साहेबांना लिहिलेल्या गोड गोड मेलची टिंगल करायचे. पोळी मागून घेऊ लागले. लेक मनातून सुखावली होती.

एका दुपारी ती भांडी घासत असताना बाबा आतून खो खो हसले.

“अजून तशीच फटकळ आहे.”

“कोण, बाबा?”

“आई तुझी. किती दिवसांनी बसलीय लिहायला.”

लेकीने नळ बंद केला. कान देऊन ऐकलं. तिला काहीच ऐकू येईना.

ती बाहेरच्या खोलीच्या दाराशी आली. खोलीत कुणी नव्हतं. कीबोर्ड जरासा डावीकडे सरकला होता. शेजारच्या मोकळ्या जागेत, नव्या टेबलक्लॉथवर, चार गोल खळगे पडले होते. जड मशीनच्या पायांचे पडावेत तसे.

भिंतीपलीकडे बाबा अजून हसत होते. तिच्या अंगावर काटा आला होता, पण त्या हसण्याने जीव सुखावतही होता. ती तशीच उभी राहिली, हात पुसत.

“अगं,” बाबांनी आतून वाचून दाखवलं, “ओले हात ड्रेसला पुसू नको म्हणतेय.”