चार हातांपलीकडे

पंधरा पावलांवर उभे राहून अच्युतराव नेवरेकर टाळ्या वाजवत होते आणि टाळीचा आवाज येत नव्हता.

शैलजाबाईंना ते अजिबात आवडलं नाही. डोळ्यांना दिसतंय ते कानांनी नाकारायचं, यात गंमत कसली? अच्युतराव मात्र जत्रेत आल्यासारखे खूश होते. त्यांनी तोंडाभोवती हात धरून काहीतरी ओरडून पाहिलं. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या दिसल्या. ऐकू काहीच आलं नाही.

"काय म्हणाले हे?" शैलजाबाईंनी विचारलं.

"'ऐकू येतंय का?' असं म्हणाले असणार," डॉ. ऋता बोरवणकर हसून म्हणाल्या. "तिथे उभं राहून प्रत्येक जण तेच ओरडतो. म्हणून तर ऐकू येत नाही."

खारघरचं 'अष्टांगण' हे कलासंकुल उघडून आठ महिने झाले होते. एकाच छपराखाली आठ रंगमंच, आणि दोन रंगमंचांच्या मध्ये भिंत म्हणून नाही. इकडे नाटक चालू असताना तिकडे शंभर पावलांवर तबला वाजत असायचा, त्यापलीकडे कथक, त्यापलीकडे बाहुल्यांचा खेळ. कुणाचा आवाज कुणाच्या वाटेला जात नसे. ही करामत ध्वनिशास्त्रज्ञ असलेल्या ऋताबाईंची. आज त्यांनी पडद्यामागच्या जुन्या कलावंतांना संकुल पाहायला बोलावलं होतं. सांगलीच्या एका नाटक मंडळीत पस्तीस वर्षं प्रॉम्प्टर असलेले अच्युतराव त्यांतलेच एक.

"आवाज म्हणजे हवेतली लाट," अच्युतराव परत आल्यावर ऋताबाई सांगू लागल्या. "तिच्यावर बरोबर उलटी लाट सोडली की दोन्ही मरतात. हे जुनंच तंत्र आहे. पण उलटी लाट त्याच क्षणी सुटायला हवी. म्हणजे पुढे काय ऐकू येणार ते आधीच कळायला हवं. पंख्याची घरघर एकसारखी असते, तिथे सोपं जातं. माणसाच्या बोलण्याचं काय करणार?"

"काय करता?"

"अंदाज. या इमारतीत अकरा लाख शमक-फरशा आहेत. भिंतीत, छतात, जमिनीत. त्यांच्यामागे जे यंत्र आहे त्याला आम्ही 'पूर्वकर्ण' म्हणतो. आधी ऐकणारा कान. एकदा इथे जे बोललं गेलं ते त्याला पाठ होतं. पुन्हा कुणी तेच बोलू लागलं की पहिल्या अक्षरालाच तो पुढचं ओळखतो आणि पुसून टाकतो. चार हातांच्या आत आपण एकमेकांशी बोलू शकतो. त्यापलीकडे आवाज मरतो. रंगमंचाचा आवाज तेवढा त्याच्या प्रेक्षकांपर्यंत जाऊ देतो, तालमीत आम्ही ते त्याला शिकवतो."

"आवाज वेगळा असला तर?"

"चालत नाही. तो गळा पाहत नाही, अक्षरांची ओळ पाहतो. एका बाईचं 'अगं बाई' पाठ झालं की सगळ्या बायकांचं झालं."

"आणि कुणी अगदी नवीनच काही बोललं तर?"

"तर ते जातं, दूरवर जातं. पण एकदाच. दुसऱ्यांदा नाही." ऋताबाईंनी हातातली बोटभर रुंदीची पट्टी दाखवली. "आवाज सुटला की हिच्यावर हिरवा दिवा लागतो, गिळला गेला की लाल. तुम्हाला वाटतं तितकं नवीन माणसं बोलत नाहीत, काका."

अच्युतराव खो खो हसले. "म्हणजे ही इमारत प्रॉम्प्टर आहे! आमच्यासारखीच. पुढचं वाक्य हिला आधी ठाऊक. फरक इतकाच की आम्ही ते नटाला देत होतो आणि ही काढून घेते."

शैलजाबाई हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळात पाहिलं. साडेबाराला अच्युतरावांनी इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं होतं. जेवणाचा डबा शैलजाबाईंच्या पिशवीत होता. "चला, आधी खाऊन घ्या," त्या म्हणाल्या.

"अगं, आलोच हात धुऊन," असं म्हणून अच्युतराव गेले, ते आलेच नाहीत.

*

पाऊण तासानंतर शैलजाबाई नियंत्रणकक्षातल्या खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या.

काय झालं ते समजायला वेळ लागला नव्हता. स्वच्छतागृहाशेजारी 'रंगमंचाकडे' असं लिहिलेलं एक दार होतं. पस्तीस वर्षं असल्याच दारांतून आत गेलेल्या पायांना राहवलं नसणार. ते दार बाहेरून ढकललं की उघडत असे, पण आतून उघडायला कर्मचाऱ्यांचं ओळखपत्र लागे. दारामागे तळघराचे तीन मजले होते, बोळांतून बोळ निघत होते आणि सहाशे खोल्या होत्या. कलावंत कपडे बदलतात म्हणून तिथे कॅमेरे लावलेले नव्हते आणि ध्वनिक्षेपकही नव्हते. सगळ्यांचे फोन प्रवेशद्वारावर जमा होते.

"साठ माणसं शोधतायत," ऋताबाई म्हणाल्या. "पण प्रत्येक खोली उघडून पाहायची तर दीड तास जाईल."

"तेवढा वेळ नाहीये हो! इंजेक्शन घेतलंय त्यांनी आणि पोटात काही नाही. आधी घाम फुटतो, मग बरळायला लागतात, मग शुद्ध जाते. मागच्या वर्षी घरात झालं होतं. मी शेजारी होते म्हणून वाचले." शैलजाबाई खुर्चीवरून उठल्या. "ते ओरडत असतील ना! बंद करा तुमचं ते यंत्र!"

"बंद करायला सांगितलंय, काकू. पण प्रत्येक फरशीला स्वतःची वीज आहे. निरोप एकीकडून दुसरीकडे जात अकरा लाख फरशा शांत व्हायला सव्वा तास लागतो."

"मग 'वाचवा' म्हणून ओरडले असतील ते तरी?"

ऋताबाईंनी मान खाली घातली. "'वाचवा' इथल्या नाटकांच्या तालमीत शेकडो वेळा झालंय."

आपण काय बांधून ठेवलं आहे, ते त्या क्षणी ऋताबाईंना पहिल्यांदा उमगलं असावं. इतके दिवस त्यांना आग लागली तर काय, वीज गेली तर काय, असे प्रश्न विचारले गेले होते आणि सगळ्यांची उत्तरं त्यांच्यापाशी होती. एक म्हातारा माणूस मदतीला हाक मारेल आणि ती हाक ओळखीची म्हणून मरेल, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"यंत्राला पाठ झालेलं आपल्याला वाचता येत नाही का? त्यांनी काय हाका मारल्या ते?"

"त्यात शब्द नसतात, फक्त लाटांचे ठसे. लोकांचं खासगी बोलणं साठवायला कायद्यानं बंदी आहे. दिवसाला चाळीस हजार नवे ठसे पडतात. कुठला कशाचा, ते तेच वाक्य पुन्हा बोलल्याशिवाय कळत नाही. बोललं, तर पट्टी सांगते की ते पहिल्यांदा कधी आणि कुठे ऐकलं गेलं." त्या उठल्या. "काकू, काकांना नियम ठाऊक आहे. तेही नवीन काहीतरी ओरडत असणार. आपण आत जाऊन तेच करायचं. तुमची हाक पोचली तर ते उत्तर देतील."

*

तळघरातला पहिला बोळ लांबलचक होता आणि दिव्यांनी उजळलेला होता. पावलांचा आवाजसुद्धा लगेच विरत होता. वर आठ रंगमंचांवर आठ कला चालू होत्या आणि इथे स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"अहो!" त्या ओरडल्या.

पट्टीवर लाल दिवा लागला.

"ते तर पहिल्याच दिवशी गेलं, काकू. पहिल्याच तासात."

लाल तर लाल. शैलजाबाईंनी डोळे मिटले. एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला नावानं हाक मारली नव्हती. उखाण्यातसुद्धा शेवटी नाव पुटपुटून उरकलं होतं. आता सगळी लाज बाजूला ठेवून, छाती भरून, त्या ओरडल्या, "अच्युत!"

लाल.

"असं कसं? असं कसं होईल?"

ऋताबाईंनी पट्टी पाहिली. "सात महिन्यांपूर्वी. तिसरं अंगण. कीर्तन महोत्सव."

देवाचं नाव ठेवलं की असं होतं, असं काहीतरी शैलजाबाई पुटपुटल्या. मग त्या चालत सुटल्या आणि तोंडाला येईल ते ओरडत सुटल्या. कुणी पाहिलं असतं तर वेड लागलंय म्हणालं असतं.

"आपल्या मोरीतल्या तांब्याच्या पिंपाची तोटी उलटी फिरते!" हिरवा. आवाज बोळाच्या टोकापर्यंत घणघणत गेला आणि परत आला. त्यांनी कान दिला. उत्तर नाही.

"तुमच्या आईच्या हातची आमटी मला कधीच आवडली नाही!" लाल. कोण्या एका सुनेनं मध्यंतरात बाजी मारली होती.

"तुमची ती चॉकलेटी शाल हरवली नाही, मी बोहारणीला दिली!" हिरवा. उत्तर नाही.

"मला सांगली सोडायची नव्हती!" लाल.

दुसऱ्या मजल्यावर त्यांचा घसा बसू लागला. वीस हिरवे दिवे झाले होते, वीसदा हाक दूरवर गेली होती आणि वीसदा फक्त तिचा प्रतिध्वनी परत आला होता. ते ऐकत असून त्यांचं उत्तर गिळलं जात होतं की ते ऐकण्याच्या पलीकडे गेले होते? घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. शैलजाबाई भिंतीला टेकल्या.

"मला काही सुचत नाही गं," त्या म्हणाल्या. 'अहो-जाहो' केव्हाच गळून पडलं होतं. "सगळं बोलून झालं. एकच राहिलंय, ते मी कुणापाशी बोललेली नाही."

"बोला, काकू."

"आम्हाला मुलगी झाली होती. अकरा दिवस जगली. काचेच्या पेटीतच होती. बाराव्या दिवशी बारसं करायचं, ते राहिलंच. पण आदल्या दिवशी मी वाकून तिच्या कानात नाव सांगितलं होतं. तीन वेळा. आत्या नव्हती, कुणी नव्हतं. ती फार कमी रडायची, निमूट पडून असायची, म्हणून मीच ते नाव बनवलं. यांनाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तेही रडले असते आणि मला ते बघवलं नसतं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ते नाव मी इथे ओरडले, तर तुझं यंत्र ते पाठ करणार ना?"

"हो."

"आणि पुसणारही."

ऋताबाईंनी होकारार्थी मान हलवली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

शैलजाबाईंना भीती वाटत होती. नवरा जाण्याची वाटत होतीच, पण ते एवढंसं नाव या भिंतींच्या तोंडी देण्याचीही वाटत होती. त्यांच्याकडे मुलीचं दुसरं काही नव्हतं. एक फोटोसुद्धा नव्हता. तरी त्या सरळ उभ्या राहिल्या आणि उरल्यासुरल्या आवाजात ओरडल्या:

"निमुली!"

लाल.

दोघी पट्टीकडे पाहत राहिल्या.

"शक्य नाही," शैलजाबाई कुजबुजल्या. "हे नाव कुणाला माहीत नाही. हे नाव जगातच नाही!"

ऋताबाईंनी पट्टीवरची ओळ वाचली. "पहिल्यांदा ऐकलं... आज. एक वाजून सत्तेचाळीस मिनिटं. तळघर तीन, बोळ अकरा, फरशी दोनशे चौदा." त्यांनी मान वर केली. "काकू, पळा!"

*

अच्युतराव रंगमंचाच्या सामानाच्या खोलीबाहेर, भिंतीला पाठ लावून बसलेले सापडले. सदरा घामानं चिंब झाला होता आणि डोळे अर्धवट मिटले होते. ओठ मात्र हलत होते. शैलजाबाईंनी पिशवीतली साखरेची पुडी दातांनी फाडली, चिमूट चिमूट करून त्यांच्या गालात सोडली आणि वर घोट घोट पाणी पाजलं. डॉक्टर येईपर्यंतची दहा मिनिटं त्यांनी कशी काढली, ते त्यांनाच ठाऊक.

हळूहळू अच्युतरावांच्या नजरेत ओळख आली.

"तुम्हाला ते नाव कुणी सांगितलं?" शैलजाबाईंनी विचारलं. रागवावं की रडावं, ते त्यांना कळत नव्हतं.

"काचेच्या बाहेर उभा होतो मी," अच्युतराव अडखळत म्हणाले. "ऐकू नाही आलं. ओठ पाहिले. ओठ वाचणं हे कामच होतं माझं. तीनदा म्हणालीस, म्हणून नीट कळलं."

"आणि एवढी वर्षं बोलला नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. नट स्वतः बोलतो का, तेवढं थांबून पाहायचं असतं. लगेच नाही द्यायचं वाक्य." त्यांनी बोळाकडे पाहिलं. "इथे सगळं ओरडून झालं. नाटकांतली वाक्यं तर एक जाईना. शेवटी तेवढंच उरलं होतं."

शैलजाबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. ऋताबाई चार पावलं मागे सरकल्या होत्या, तरी त्यांना सगळं ऐकू येत होतं. हे दोघं आयुष्यात पहिल्यांदा जे बोलत होते ते पूर्वकर्णाला पाठ नव्हतं.

"किती वेळा हाक मारलीत तिला?"

"पुष्कळदा. पण नंतर ती चार हातांपुढे जाईना. पहिल्यांदाच काय ती गेली." अच्युतरावांनी बोळाच्या दुसऱ्या टोकाकडे बोट केलं. ते टोक खूप लांब होतं आणि तिथे नुसती भिंत होती. "तिकडून परत आली. मला ठाऊक आहे गं, प्रतिध्वनी तो. पण साखर उतरली होती, डोकं चालत नव्हतं. मला वाटलं, तिनं ओ दिली."

शैलजाबाई त्या भिंतीकडे पाहत राहिल्या.

"कसा होता आवाज?" त्यांनी विचारलं.