पांढरी खूण

मोंटानातल्या त्या गावात गाडी थरथरायला लागली की लोक हॉलिसच्या गॅरेजात यायचे. त्या सकाळी मार्लिस आली, नवऱ्याची जुनी फोर-बाय-फोर पिकअप घेऊन. ऑर्विल जाऊन पाच महिने झाले होते.

"पंचेचाळीस मैलांच्या पुढे गेली की अजून थरथरते रे. आता लेक चालवणार आहे. नीट बघ."

हिवाळ्याच्या तोंडावर पुढच्या चाकांना फिरवणारा दोन तुकड्यांचा शाफ्ट हॉलिसनंच काढला होता. काढण्याआधी दोन्ही तुकड्यांवर पांढऱ्या रंगाची खूण करायची, म्हणजे परत बसवताना ते जिथल्या तिथे जुळतात आणि गाडी थरथरत नाही, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. घाईत त्यानं ती केली नाही, अंदाजानं बसवला. ऑर्विल तीनदा तक्रार घेऊन आला आणि तिन्ही वेळा हॉलिसनं चारचौघांत त्याची टर उडवली. "गाडी नाही रे म्हाताऱ्या, तुझी हाडं खुळखुळतायत!" चौथ्यांदा ऑर्विल आलाच नाही. स्वतःच गाडीखाली शिरला, आणि जॅक निसटला.

हॉलिसनं शाफ्ट उतरवून बाकावर ठेवला. आता नुसत्या मागच्या चाकांवर गाडी पळवायची. थरथर गेली तर दोष पुढच्या शाफ्टचाच. मार्लिस शेजारी बसली. पंचेचाळीस, पन्नास, साठ. गाडी पाण्यासारखी चालली. गॅरेजात येऊन त्यानं इंजिन बंद केलं. लाजेनं कानशिलं तापली होती, तरी तोंडातून निघालं ते खोटंच.

"टायर बिघडलेत... ऑर्विलनं लक्षच दिलं नाही."

मेलेल्याच्या माथी खापर फोडून मोकळा झाला! आणि समोरचा आरसा थरथरायला लागला. मग काच. मग सीट. इंजिन बंद, किल्ली त्याच्या मुठीत. जळक्या ग्रीसचा वास आला. खालून, बरोबर त्याच्या सीटखालून, कुणीतरी पान्यानं ठोकत होतं... टक्... टक्...

मार्लिस दचकली नाही. "घरीही असंच होतं," ती हळूच म्हणाली. "तुझं नाव काढलं की..."

"मार्लिस... चूक माझी होती. खूण केली नाही मी. आणि वर त्यालाच हसलो..."

थरथर थांबली. मार्लिस दार उघडून उतरली.

"हे त्याला सांगायचं होतंस," ती म्हणाली. "तीनदा आला होता."

तो मान खाली घालून बाकाशी गेला. शाफ्टच्या दोन्ही तुकड्यांवर सरळ पांढरी रेघ होती, ओली. रंगाची बाटली फळीवर तशीच, झाकण वाळून चिकटलेलं. त्यानं रेघेला रेघ जुळवली. तुकडे चपखल बसले.

आता शाफ्ट लावायला गाडीखाली शिरायचं होतं. हॉलिस गुडघ्यांवर बसला.

खालून हलकेच आवाज आला... टक्.