शामला बोटीवर, देवकी धक्क्यावर

“अहो, जरा थांबता? मी... म्हणजे माझे फोटो... बहुधा तुमच्या पर्समध्ये आहेत!”

शामला नाकाडे नागपुरात सीताबर्डीवरच्या फोटो स्टुडिओच्या पायरीवर थबकली. चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यातली ती दुपार होती. ऊन अंगावर घ्यावेसे वाटणारे, आणि रस्त्याच्या कडेने संत्र्यांच्या हातगाड्या. समोरचा तरुण धापा टाकत होता. त्याच्या बुटांवर कोराडीच्या वीजकेंद्राची करडी राख बसली होती, आणि त्याच्या हातातल्या उघड्या पाकिटातून शामलाचाच चेहरा शामलाकडे पाहत होता.

तिने आपले पाकीट उघडले. आत टाय आवळून, श्वास रोखून बसलेले हेच महाशय होते.

“पासपोर्टचे आहेत,” तो ओशाळून म्हणाला. “आफ्रिकेत जायचं आहे, मोंबासाला. तिथल्या वीजकेंद्रात तीन वर्षांची नोकरी मिळते आहे.”

“मग फोटोत इतके घाबरलात कशाला? बोट बुडून राहिली होती का?”

तो मनापासून हसला. हसताना तो फोटोतल्या माणसाचा दूरचा नातेवाईकही वाटत नव्हता. “आणि तुमचा कशासाठी काढलात?”

“पाहुण्यांकडे पाठवायला...” ती म्हणाली आणि तिने जीभ चावली.

“असं. मग हा... परत द्यायलाच पाहिजे का?”

अशा प्रश्नाला उत्तर देणे गोपाळराव मास्तरांच्या लेकीच्या वळणात बसणारे नव्हते. तिने नुसता हात पुढे केला, पाकीट घेतले आणि चालू लागली. घरी येऊन पाहते तो त्यातला एक फोटो कमी होता. तिने तो मागायला कोणाला पाठवले नाही, की घरात कोणाला सांगितलेही नाही. त्या न सांगण्यातच तिचे उत्तर होते.

फोटोच्या पाठीवर स्टुडिओवाल्याने नाव-पत्ता लिहिला होता. संक्रांतीच्या आत त्या पत्त्यावर नंदनवनातल्या भोयरांची मागणी आली.

मनोहर भोयरच्या घरी सत्ता होती ती त्याच्या आईची. भागीरथाबाई काटोलकडच्या. नवऱ्यामागे संत्र्यांची बाग त्यांनी एकटीने राखली, दोन लेकी उजवल्या, मुलाला इंजिनियर केले. त्यांच्यापुढे बोलताना मोठमोठे व्यापारीही आवाज खाली आणत. मुलगी पाहायला त्या आल्या, शामलाच्या हातचा चहा त्यांनी बशीत ओतून शांतपणे प्यायला आणि उठता उठता निकाल दिला.

“पोरगी मले पसंत हाये. नाव मात्र देवकी राहीन. आमच्या घरात थोरल्या सुनेचं नाव देवकीच असते. माह्यी थोरली जाऊबी देवकीच होती.”

गोपाळराव मास्तरांनी मान डोलावली. मुलीचे नाव सासरी बदलते, ही गोष्ट त्या काळी कोणाला बोचत नसे; निदान ज्यांची नावे बदलत नसत, त्यांना तरी नाही.

वैशाखात लग्न लागले. तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने मनोहरने ‘देवकी’ लिहिले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. गर्दीत कोणाचे लक्ष नाही असे पाहून त्याने ताटाच्या कडेला एक इवलेसे ‘शा’ काढले आणि अंगठ्याने लगेच पुसूनही टाकले. शामलाने ते पाहिले. त्या पुसलेल्या अक्षरावर तिने पुढचे कितीतरी दिवस काढले!

कारण घर मोठे होते आणि दोघांना बोलायला जागा लहान. कोराडीची बस संध्याकाळी चौकात थांबे. मनोहर दारात येई, बूट झटके, आणि आई देवघरात आहे अशी खात्री करून हळूच विचारी, “शामलाबाई आहेत का घरात?”

“त्या माहेरी राहिल्या. इथे देवकी असते,” ती पदराआडून म्हणे.

“मग त्यांना निरोप द्या. म्हणावं, मोंबासाला गेल्यावर मोठ्याने हाक मारीन. समुद्राला ऐकू जाईल अशी.”

“आणि इथे?”

यावर तो नुसता हसे. इथे नाही... हे त्या हसण्यात असे, आणि ते तिला कळत असे. पण समुद्र काही फार दूर नव्हता. ती वाट पाहायला तयार होती.

आता कागदांचे सांगायचे. साखरपुडा होताच मनोहरने शामलाचा पासपोर्ट करायला टाकला होता. शाळेच्या दाखल्यावर जे नाव, तेच पासपोर्टवर आले : शामला गोपाळराव नाकाडे, अविवाहित. लग्नानंतर मोंबासाहून प्रवेशाचा परवाना आला, तो लग्नाच्या दाखल्यावरून, त्यावर सौ. देवकी मनोहर भोयर. बोटीचे तिकीटही त्याच नावाचे. ओळखीच्या वकिलांनी स्पष्ट बजावले, की दोन्ही नावे एकाच बाईची आहेत असे घरातल्या मोठ्या माणसाने कोर्टात शपथेवर सांगावे, आणि पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा, नाहीतर अडवतील.

मनोहरने जेवताना विषय काढला.

“म्हणजे मी कोर्टात जाऊन सांगू, का माझी सून शामला हाये?” भागीरथाबाईंनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. “माझ्या घरात त्या नावाची कोणी नाई. अन् नवऱ्यासंगं जाणाऱ्या बायकोले कोण कागद मागते गा?”

“तसं नाही माय, कायदा—”

“काहून? कायदा लग्नाले आला होता का?”

मनोहरने ताटातला घास उचलला. तो स्वतः शपथ घेऊ शकला असता. पण त्यासाठी ते नाव या घरात मोठ्याने उच्चारावे लागले असते. रात्री तो शामलाला म्हणाला, “चालून जाईल. मी बरोबर आहेच की.”

त्या वाक्यावर विश्वास ठेवून शामलाने ट्रंक भरली.

दसरा झाला आणि तिघे मुंबईला गेले. भागीरथाबाई निरोप द्यायला म्हणून आल्या. धक्क्यावर ऊन तापले होते. पाण्याला तेलाचा आणि खाऱ्या दोरांचा वास येत होता. बोट पांढरीशुभ्र, एवढी उंच की तिच्याकडे पाहताना शामलाच्या डोक्यावरचा पदर मागे सरकला.

“बुडायची नाही ना?” तिने विचारले.

“फोटो काढताना बुडाली, तेवढीच,” मनोहर म्हणाला. ते दोघे हसले... आणि तेच त्या दिवसातले शेवटचे हसणे ठरले.

टेबलामागच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला, परवाना उघडला, पुन्हा पासपोर्ट पाहिला. तो उद्धट नव्हता. उद्धट असता तर निदान भांडता तरी आले असते.

“शामला नाकाडे भारतीय नागरिक आहेत, हे मला दिसतंय. पण बोटीवर चढायची परवानगी देवकी भोयर यांना आहे. त्यांच्या नागरिकत्वाचा पुरावा कुठे आहे?”

“दोन्ही मीच आहे,” शामला म्हणाली.

“असाल बाई. पण तसं सांगणारा एक तरी कागद दाखवा.”

“ती माझी बायको आहे!” मनोहरने टेबलावर हात आपटला.

“ठीक. नाव काय तुमच्या बायकोचं?”

प्रश्न साधा होता. त्याच्या उत्तराने कायदा बदलणार नव्हता, हे शामलालाही कळत होते. तरी तिने त्याच्याकडे पाहिले. समुद्र समोर होता. हाक मारायची जागा हीच ठरली होती... कठड्यापलीकडे, हाताच्या अंतरावर, भागीरथाबाई उभ्या होत्या. मनोहरची नजर त्यांच्याकडे गेली, परत आली, आणि तो हलकेच म्हणाला,

“देवकी.”

“मग हा पासपोर्ट यांचा नाही,” अधिकारी म्हणाला आणि त्याने कागद बाजूला सारले.

पुढचे सारे धुक्यात घडावे तसे घडले. मनोहरने विनवण्या केल्या. भोंगा झाला. हमालाने त्याची ट्रंक चढवली आणि तिची उतरवून ठेवली. शिडी काढायची घाई सुरू झाली. मागून भागीरथाबाईंचा आवाज आला, “जा गा, मनोहर! नोकरी हातची घालवू नको. तिले मी घरी नेतो.”

“शा...” तो शामलाजवळ येऊन पुटपुटला. तेवढेच. तांदळाच्या ताटाच्या कडेला होते, तेवढेच.

“जा तुम्ही,” ती म्हणाली.

त्याने टेबलावरचे सगळे कागद गोळा करून कोटाच्या खिशात कोंबले आणि तो शिडी चढून गेला. बोट सरकली. पाण्याची एक काळी पट्टी रुंद होत गेली, आणि शामलाच्या तेव्हा ध्यानात आले, की तिचा पासपोर्टही त्याच कागदांत गेला. शामला बोटीवर होती. धक्क्यावर राहिली होती ती देवकी, जिचा या जगात कसलाही पुरावा नव्हता.

परतीच्या गाडीत सासू-सुना समोरासमोर बसल्या. शामला रडली नाही. रडायला काही आशा उरावी लागते. तिच्यापाशी नुसती खिडकी होती, आणि खिडकीबाहेर मागे मागे जाणारी कापसाची शेते. वर्धा मागे पडली तेव्हा भागीरथाबाईंनी पिशवीतून एक संत्रे काढले, सोलले, आणि फोड पुढे केली.

“खाय.”

“नको, आत्याबाई.”

“खाय म्हणतो ना.” त्या थांबल्या. “तो तिथं चुकला. तुह्यं नाव घ्याले पायजे होतं त्यानं.”

शामलाने चमकून वर पाहिले. भागीरथाबाई मात्र हातातल्या सालीकडे पाहत होत्या.

“माहेरी माह्यं नाव सुभद्रा होतं. आतापावतर कोणं विचारलं नाई. मीबी नाई सांगतलं.”

शामलाने ती फोड घेतली. नागपूर जवळ येत होते.

नंदनवनातले ते दिवस शामलाने भिंतीसारखे काढले. सकाळी सडा, दुपारी निवडणे-टिपणे, संध्याकाळी दिवा. कोराडीची बस चौकात थांबे आणि निघून जाई. दारात बूट झटकणारे कोणी नसे. गोपाळराव मास्तर येऊन सांगून गेले, की पासपोर्ट हाती आल्याशिवाय काहीच करता येणार नाही. तो टपालाने यायचा, दुरुस्तीला जायचा, आणि पुढच्या बोटी कोणी पाहिल्या! तिने ऐकून घेतले. तिला बोटीचे दुःख नव्हतेच. प्रश्न विचारला गेला होता, आणि उत्तर आले होते. तीन वर्षांनी तो परत येईल, तेव्हाही हळूच विचारील, शामलाबाई आहेत का... आणि तेव्हा त्या खरेच नसतील.

आठवडा सरला नव्हता. उन्हे कलली होती. बस थांबल्याचा आवाज आला. शामला चुलीपाशी होती. तिने मान वळवली नाही, वळवायची सवय तिने मोडली होती. आणि मग ओट्यावर कोणीतरी बूट झटकले.

“तू?” ओसरीतून भागीरथाबाईंचा आवाज आला. “अन् बोट?”

“गेली, माय. गुजरातच्या एका बंदरात माल घ्यायला थांबली होती. तिथे मी उतरलो.”

“अन् नोकरी?”

“तीही गेली. पुन्हा बोलावणार नाहीत.”

मग त्या घरात पूर्वी कधी ऐकू न आलेली हाक आली. देवघर, माजघर, अंगण, सगळीकडे जाईल अशी.

“शामला!”

तिच्या हातातला चिमटा खाली पडला. ती दारात आली. तो उभा होता. दाढी वाढलेली, कोट चुरगळलेला, डोळे लाल. त्याने खिशातून पासपोर्ट काढला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला.

“दुसऱ्यांदा तुझा फोटो घेऊन पळालो,” तो म्हणाला.

“पहिला तरी कुठे परत दिलात?” ती म्हणाली.

“रोज उघडून बघत होतो. बोटीवर शामला होती माझ्याजवळ... पण बोलत नव्हती. धक्क्यावर मी काय म्हणालो, तेवढंच ऐकू येत होतं.” त्याने आईकडे पाहिले नाही. “माझं तुझ्यावर प्रेम आहे, शामला. हे सांगायला समुद्र लागतो असं वाटलं होतं मला. चुकलो.”

“तुमचं मोंबासा...”

“नाही आता. उद्या कोराडीला जाऊन विचारीन, जुनी जागा देतात का. नाही दिली, तर नाही.” तो कसनुसा हसला. “राखच नशिबात दिसते.”

पासपोर्ट घेताना तिची बोटे त्याच्या बोटांना लागली आणि तिथेच राहिली. धक्क्यावर न आलेले रडू आता आले, आणि ते तिने पुसले नाही. सगळे परत मिळाले नव्हते. समुद्र गेला होता. पण जे आले होते, ते तिच्या नावाने आले होते.

भागीरथाबाई उठल्या. दोघांच्या मधून, नेहमीसारख्या ताठ मानेने, देवघराकडे चालू लागल्या. उंबऱ्यात थांबल्या, आणि मागे न पाहता, नेहमीच्याच हुकमी आवाजात म्हणाल्या,

“अशी उभी काहून राहिली वं, शामला? त्याले पाणी दे.”