पळायचं बटण नसलेला गेम

"तू कधी भूत बघितलंयस का?"

हा प्रश्न माझा नव्हताच मुळी! लांबडी आणि चष्मिष, माझ्या दोन जिवलग मैत्रिणी, त्यांनी पैज लावून तो माझ्या गळ्यात मारला होता. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मागच्या स्टुलावर एक मुलगा बसतो. शाळेत आमच्या एक वर्ष पुढे होता. कुणाशी बोलायचा नाही, आणि चालायचा इतका सावकाश की सगळे त्याला कासव म्हणायचे. त्याला जाऊन हे विचारून दाखव म्हणे! गेल्या वर्षी हजेरी देतानासुद्धा माझा आवाज फुटत नसे. पण आता ती मी राहिले नव्हते. शिवाय आमचा टीव्ही तिथेच दुरुस्तीला पडला होता. म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना?

त्याने मान वर केली. समोरच्या टीव्हीचा निळसर उजेड त्याच्या गालावर पडला होता.

"रोज बघतो," तो शांतपणे म्हणाला. "सगळी बघून झाली... एकच राहिलंय."

माझी बोबडीच वळली! मागे वळून पाहते तर दारातल्या दोघी गायब.

"घाबरलीस?"

"मी? छे!"

"मग माझी बाही सोड ना."

मी त्याची बाही धरली होती. कधी धरली, देव जाणे! झटका लागावा तशी सोडली, तर हा गालातल्या गालात हसतोय... आणि कासव इतकं छान हसतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग कळलं की भुतं गेममधली होती. दुकान त्याच्या आईचं, म्हणजे काकूंचं. टीव्ही दुरुस्त झाला तरी तो काही तास चालवून पाहिल्याशिवाय काकू परत देत नाहीत. तो तपासायला त्यांनी हा गेम शोधून काढला होता. त्यात एक बुडालेलं गाव आहे, काळं पाणी आणि धुकं. स्क्रीनवर कुठे डाग असला तर त्या अंधारात लगेच दिसतो. आपण त्या गावातले दिवे लावणारे. प्रत्येक दिव्यापाशी एक भूत भेटतं, आपली कहाणी सांगतं, आपण पुढे जायचं. हळूहळू. कारण त्या गेममध्ये पळायचं बटणच नाही!

म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक टीव्हीवर हा तेच गाव पुन्हा पुन्हा हिंडला होता. आता त्याला सगळ्या अचीव्हमेंट, म्हणजे गेम देतो ती बक्षिसं, हव्या होत्या. एक सोडून सगळ्या मिळाल्या होत्या. त्या एकीच्या जागी नुसती तीन प्रश्नचिन्हं. त्याला वाटायचं, एखादं भूत अजून कुठेतरी लपलेलं असणार.

"इतक्यांदा संपवलास, मग परत का खेळतोस?"

"संपलाय... पण सगळा कळलाय कुठे?" असं म्हणून त्याने गेमकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

मी घाईघाईने कंट्रोलर ओढून घेतला. "आण इकडे, मी शोधते!" पहिलं भूत भेटलं, एक म्हातारेबुवा. बोलायला लागले. मी बटण दाबलं, पुढे!

"तू..." त्याचे डोळे बटाट्याएवढे झाले. "तू आजोबांचं बोलणं स्किप केलंस?"

"मेलेत ना ते! त्यांना कुठे जायचंय?"

"म्हणून तर सगळं सांगायचंय त्यांना. ए घाई, परत मागे जा."

त्या दिवसापासून माझं नाव घाई पडलं. आमच्या टीव्हीचा एक भाग यायचा होता, त्यामुळे मी रोज चौकशीला जायचे. म्हणजे, घरी असं सांगून जायचे. आई म्हणायची, "फोन करून विचार की." मी म्हणायचे, "फोनवर नीट कळत नाही गं."

एकदा काकूंनी मलाच हातात स्क्रू ड्रायव्हर दिला. "नुसती बसतेस, त्यापेक्षा तुमच्या टीव्हीची पाठ उघड." उघडली, आणि थक्कच झाले! आत सर्किट बोर्डाचं एक अख्खं गाव होतं, हिरवं, चौकोनी, रस्त्यांचं. काकूंनी सोल्डरचा डाख द्यायला शिकवलं. गरम सोल्डरचा तो उग्र वास, वितळून चमकणारा थेंब... आणि माझा हात हलला नाही. मी, जिच्या हातून घरात एक कप धड राहत नाही!

"हात स्थिर आहे हं हिचा," काकू म्हणाल्या.

"हात तेवढा," कासव पुटपुटलं. मी त्याला कोपराने ढोसलं. तो जागचा सरकला नाही.

सगळं कसं छान चाललेलं. आणि मग मी त्याला बातमी सांगितली. दहावीच्या निकालानंतर बाबांनी मला विचारलं होतं, "मावशीकडे राहून पुढचं शिकशील का? मोठं कॉलेज आहे, डॉक्टरकीची तयारी होईल, म्हणजे तुला जर..." वाक्य पूर्ण होऊ न देता मी "हो!" म्हणून मोकळी झाले होते. तेव्हा काय, मैत्रिणींसमोर मिरवायला बरं!

"सोमवारी निघतेय," मी म्हटलं. "दोन वर्षं."

त्याचा दिवेवाला सरळ चालत गेला आणि तळ्यात पडला. धप्प! त्या गेममध्ये पाण्यात पडता येतं हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. बहुतेक त्यालाही.

शनिवारी दुपारी आमचा टीव्ही तयार झाला. बाबा संध्याकाळी न्यायला येणार होते. म्हणजे ही शेवटची फेरी, आमच्याच टीव्हीवर. तळ्याकाठी एक बाक आहे, तिथे त्याने दिवेवाल्याला बसवलं. आणि मग कंट्रोलर चक्क खाली ठेवला.

"मला तुला..." तो थांबला.

एरवी मी ते वाक्य पूर्ण करून टाकलं असतं. पाच-सहा शेवट माझ्या जिभेवर तयार होते! पण मी ओठ आवळून बसले. पंखा गरगरत होता. पलीकडे काकूंच्या रेडिओची खरखर.

"मला तुला सांगायचंय... म्हणजे तू जा, राहा, ते तुझं तू ठरव. त्याच्याशी याचा संबंध नाही. फक्त सांगायचं राहून जायला नको..." त्याचे कान लालबुंद झाले होते. "तू मला आवडतेस."

माझ्या डोक्यात सगळे फ्यूज उडाले. एका सेकंदात उत्तर देणारी मी... किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"मला पण," मी कशीबशी म्हणाले.

"तुला पण काय?"

"अख्खं वाक्य हवंय?"

"स्किप नको."

"तू... मला... आवडतोस! झालं?"

टिंग!

आम्ही दोघांनी वळून पाहिलं, आणि दोघंही किंचाळलो. बाकावर भुतं बसली होती! दिवेवाल्याच्या आजूबाजूला, मागे, गवतावर, पाण्याच्या कडेला, अख्खं गाव येऊन बसलं होतं. ते आजोबासुद्धा. वर अक्षरं चमकत होती: "बसा जरा." शेवटची अचीव्हमेंट! त्या बाकावर बसून बराच वेळ एकही बटण दाबायचं नाही, एवढंच करायचं होतं. इतक्या फेऱ्यांमध्ये त्याने कंट्रोलर कधी खाली ठेवलाच नव्हता.

काकू धावत आल्या. "काय रे? शॉक बसला का कुणाला?"

"दोघांनाही, काकू!"

त्या आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिल्या, मग "हं" म्हणाल्या आणि पंखा वाढवून निघून गेल्या.

संध्याकाळी बाबा आणि मी टीव्ही घेऊन घरी आलो. बाबा टीव्हीची वायर जोडत होते, आई माझे कपडे बॅगेत भरत होती. तो निळा स्वेटर, जो मला कधीच आवडला नव्हता. मला एकदम कळलं की डॉक्टर व्हायचंय असं मी आजवर एकदाही म्हटलेलं नाही. आणि त्या हिरव्या चौकोनी गावात मात्र मला रोज उठून जायचंय. सोमवारी गाडीत बसले की ते गेलं. छाती धडधडत होती, पण हात? हात अगदी स्थिर.

मी बॅगेतून स्वेटर बाहेर काढला.

"आई, बाबा, जरा बसा. मी मावशीकडे जाणार नाही. इथेच राहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करणार आहे, अर्जाची चौकशी सोमवारी मीच जाऊन करते. आणि मला एक मुलगा आवडतो. या दोन वेगवेगळ्या बातम्या आहेत, तेव्हा कृपा करून एकीचा राग दुसरीवर काढू नका."