डाळिंबाची मूठमाती

कापसाची शेवटची वेचणी उरकली की कुवा गावात डाळिंबं निजवायची घाई सुरू होते. प्रत्येक अंगणात तेच चाललेलं असतं. कापसाच्या वाळल्या पळाट्यांच्या मोळ्या भिंतीशी रचायच्या, गाजरं खड्ड्यात वाळूखाली ठेवायची, द्राक्षाचा वेल मांडवावरून उतरवायचा आणि सगळ्यात शेवटी डाळिंब. बुंध्यातून फुटलेल्या सगळ्या फांद्या दोरीने आवळायच्या, हळूहळू दक्षिणेला वाकवायच्या, जमिनीला टेकल्या की वर पेंढा, पेंढ्यावर माती. एका टोकाला पेंढ्याची जुडी उभी खोचायची, म्हणजे आतल्या झाडाला श्वास घेता येतो. वसंतात, नवरोजच्या सुमारास, माती काढली की झाड पुन्हा उभं.

मामासोलीच्या अंगणात डाळिंब अजून तसंच होतं.

"अरे मामासोली!" तुरसुनोय खोलाने भिंतीवरून मान काढली. खोला म्हणजे मावशी; शेजारीण खरी, पण मावशी अख्ख्या गल्लीची. "सगळ्यांची डाळिंबं निजली. तुझंच तेवढं नवरीसारखं ताटकळत उभं आहे. कुणाची वाट बघतंय?"

"करतो, खोला."

"करतो करतो म्हणता बर्फ येईल. ओयनिसा असती तर कान धरून कामाला लावलं असतं तुला."

असती तर. ओयनिसा, त्याची बायको, ऑगस्टच्या अखेरीला गेली. डाळिंब तिचं. लग्नात माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली काडी तिने पाटाच्या कडेला लावली होती. मूलबाळ झालं नाही, डाळिंब मात्र दर साली लगडायचं. शेवटी शेवटी तिला धड बोलता येत नव्हतं, तरी एवढं म्हणाली होती, "माझं झाड थंडीत मरू देऊ नका."

निजवायचं काम दर वर्षी तीच करायची. मामासोली नुसती दोरी धरायचा. काम झालं की ती ढिगावर हात ठेवून म्हणायची, "निज बाई, निज. नवरोजला उठवते." गल्लीतल्या सगळ्याच बायका असं म्हणतात. कुणी चुकून 'डाळिंब पुरलं' म्हटलं की तिचा पारा चढायचा. "पुरतात मेलेल्याला. झाडाला निजवतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी गफूर मदतीला आला. गफूर सुतार, मामासोलीचा लहानपणापासूनचा मित्र. दोघांनी दोरी आवळली.

"सावकाश," गफूर म्हणाला. "झाड मोडलं तर एक वेळ चालेल, माझी कंबर मोडली तर बायको मला अंगणातच निजवेल."

मामासोली बऱ्याच दिवसांनी हसला.

दर साली वाकवताना जुन्या फांद्या करकरायच्या. ओयनिसा त्यांना दम द्यायची, गोंजारायची, मग कुठे त्या ऐकायच्या. यंदा एकही फांदी वाजली नाही. दोरीला जोर लावण्याआधीच झाड आडवं झालं, थकलेलं माणूस होतं तसं.

"शहाणं झालंय," गफूर म्हणाला. पण त्याने दोरी लगेच सोडली आणि हात झग्याला पुसले.

पेंढा पसरून झाला. गफूर फावड्याने माती ओढू लागला. मामासोलीला कसं कोण जाणे, फावडं हातात घ्यावंसं वाटलं नाही. तो खाली वाकला, माती मुठीत घेतली आणि ढिगावर टाकली. पुन्हा एक मूठ. पुन्हा एक. मग त्याने दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि पाठ फिरवून तो चालू लागला. मागे वळून बघितलं नाही. ऑगस्टमध्ये कबरस्तानातून निघताना केलं होतं, अगदी तसं.

"अरे, काय केलंस हे!" भिंतीवरून खोला ओरडली. "मूठमाती दिलीस झाडाला?"

मामासोली थांबला. हाताला लागलेली माती बघत राहिला.

"चुकून झालं."

"मग आता तरी हात ठेव त्याच्यावर. निज म्हण. चल, म्हण."

तो ढिगापाशी परत आला. हात ठेवला. तोंड उघडलं. शब्द आलेच नाहीत. घरात एखादी वस्तू शोधावी आणि ती आधीच कुणाला तरी देऊन टाकल्याचं आठवावं, तसं त्याला वाटलं.

गफूर फावड्यावर रेलून उभा होता. खाली बघत म्हणाला, "तू म्हणालायस ते. मागेच."

"कधी?"

"कबरीवर. सगळे निघाले होते. मी तुला न्यायला वळलो तर तू मातीवर हात ठेवून बसला होतास. 'निज बाई, नवरोजला उठवतो.' मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतं."

भिंतीवरची खोलाची मान खाली गेली.

पुढच्या आठवड्यात कडक हीव पडलं. सकाळी सगळी गल्ली पांढरी. पण निजवलेल्या डाळिंबांच्या ढिगांवर, पेंढ्याच्या जुडीभोवती, ओलसर काळं वर्तुळ असतं. आत झाड जिवंत असलं की तिथे हीव धरत नाही. गफूरच्या अंगणात तसं वर्तुळ होतं. खोलाकडेही होतं.

मामासोलीचा ढीग मात्र टोकापर्यंत पांढराफटक होता.

त्याने जुडी उपसून आत हात घातला. पेंढा दगडासारखा गार. हाताला एक फांदी लागली. नखाने खरवडली तर साल कोरडी, आतून तपकिरी. तो आणखी खाली, बुंध्यापर्यंत गेला. तिथे सालीखाली दोऱ्याएवढी हिरवी रेघ होती. तेवढीच.

त्याने वर आणखी पेंढा घातला. मग घरात जाऊन ओयनिसाची रजई आणली आणि तीही घातली. सकाळी रजई हिवाने कडक झाली होती.

त्या शुक्रवारी तो कबरस्तानात गेला. तुतीची झाडं निष्पर्ण झाली होती. कबरींचे उंचवटे ओळीने पांढरे होते. ओयनिसाची कबर त्याला लांबूनच ओळखता आली. तिच्यावर हीव नव्हतं. माती काळी होती, ओली होती आणि उशाकडे बोट जाईल एवढं भोक पडलं होतं.

"उंदीर," राखणदार म्हणाला. "बुजवू का?"

मामासोलीने भोकावर तळहात धरला. वाफ लागली. भाकरीवरचं फडकं उचलल्यावर लागते तशी.

"नको," तो म्हणाला.

घरी आला तर खोला भोपळ्याचे गरम समोसे घेऊन दारात उभी होती. त्याने तिला सगळं सांगितलं. तिने समोसे ओट्यावर ठेवले आणि त्यांच्यावरच्या फडक्याचं टोक पिळू लागली.

"हे बघ, बाळा. झाडाचं बोलणं तिला दिलंस आणि तिची माती झाडाला. उलट कर. कबरीवर जा, नीट मूठमाती दे. 'ओयनिसा, तुला पुरलं' म्हण. एकदाच म्हण, पण तोंडाने म्हण. मग झाड उकर, पुन्हा निजव. रेघ हिरवी आहे ना अजून?"

"आज सकाळी होती."

"मग उशीर करू नको. तिनेच मागितलाय तुझ्याकडे त्या झाडाचा जीव."

दुसऱ्या दिवशी चहा न पिताच तो फावडं घेऊन निघाला. हीव आणखी वाढलं होतं. कबरस्तानाच्या फाटकाशी राखणदार पळाट्या पेटवून शेकत बसला होता.

कबरीपाशी मामासोलीने मूठभर माती उचलली.

"ओयनिसा," तो म्हणाला. "तुला..."

भोकातून वाफेची एक बारीक रेघ वर आली. थांबली. पुन्हा आली.

त्याला झाड आठवलं. सालीखालची ती रेघ आठवली. ओयनिसाने शेवटचं जे मागितलं तेही आठवलं. तो पुन्हा म्हणाला, "तुला..."

मूठ उघडली. माती त्याच्याच पायावर पडली.

मग तो फाटकाशी गेला. राखणदाराला न विचारता त्याने भिंतीशी रचलेल्या पेंढ्यातला एक भारा उचलून घेऊन आला. कबरीवर पेंढा जाड पसरला. भोक मोकळं ठेवून तिथे एक जुडी खोचली. वरून माती ओढली, कडा चोपल्या. हे काम त्याने आजवर एकट्याने कधी केलं नव्हतं, पण हात चुकले नाहीत.

झाड गेलं असणार एव्हाना.

हात पुसायला त्याने फावडं ढिगावर आडवं ठेवलं.

फावड्याचा दांडा हळूच वर आला. मग खाली गेला.

पुन्हा वर आला.

मामासोली बघत राहिला. मग त्याने दोन्ही हातांनी फावडं अलगद उचललं, तिच्यावर ओझं नको म्हणून.

"झालं का, दादा?" फाटकाकडून राखणदाराने मोठ्याने विचारलं.

मामासोलीने वळून ओठांवर बोट ठेवलं.