डावी बाही

लखनौच्या चारबाग स्टेशनच्या फलाटावर धैर्यशील दिसला आणि नेत्राने मानच फिरवली. त्याच्या अंगात तो राखाडी स्वेटर होता! विकास नगरातल्या घराच्या गच्चीवर, उन्हात बसून तिच्या मैत्रिणीने, नीलमने विणलेला. आपल्या भावासाठी आहे म्हणून सांगत होती, लबाड कुठली. आणि नेत्रा इतकी भोळी, की विणकाम शिकायच्या हौसेपायी त्याची डावी बाही तिनेच विणून दिली होती.

म्हणजे स्वतःच्याच हातांनी... जाऊ दे.

मराठी मंडळाची नैनितालची सहल होती. गाडीत तिळाच्या वड्या फिरल्या. नीलम धैर्यशीलला आग्रह करकरून खिलवत होती आणि तोही मेला हसून हसून खात होता. नेत्राने वडीला हातसुद्धा लावला नाही. रविवारी नागपूरचे लोक तिला बघायला येणार होते. त्यावरून आठवडाभर ती आईशी भांडत होती. आता मात्र तिने ठरवून टाकलं, मुलगा कसाही असो, होकार द्यायचा.

नैनितालला बर्फ भुरभुरत होता. सगळे एकमेकांवर गोळे फेकत होते, आणि नेत्रा तळ्याकाठी एकटीच फुगून उभी होती. धैर्यशील चहाचे दोन ग्लास घेऊन आला.

"चहा घे."

"नीलमला द्या."

रागावली की ती अहोजाहो करते, हे त्याला ठाऊक होतं. तो गालातल्या गालात हसला.

"स्वेटर छान आहे हं," ती म्हणाली. "एक बाही तेवढी आखूड."

"नीलम उसवून देत होती. मी हात लावू दिला नाही."

"का?"

"लोकर मीच आणली होती, अमीनाबादच्या बाजारातून. नीलमला म्हटलं, काहीही सांग, पण नेत्राकडून विणून घे. तुझा धीर एका बाहीतच संपला... बाकीचा तिने विणला. नुसती बाही घालून फिरता येत नाही ना, यार."

नेत्राला हसू येत होतं, पण राग अजून पुरता उतरला नव्हता.

"माप कुणी घेतलं?"

"जुन्या स्वेटरवरून घेतलं."

"नक्की?"

"आईची शप्पथ." त्याने एक ग्लास तिच्यापुढे धरला. "रविवारचं कळलं, म्हणून आज घातला. त्या लोकांना... नाही म्हण."

नाव धैर्यशील, आणि एवढं बोलायला नैनिताल गाठावं लागलं! तिने चहा घेतला. बाहीबाहेर राहिलेलं त्याचं मनगट थंडीने लालबुंद झालं होतं. तिने ते हळूच मुठीत धरलं.

"लखनौला गेल्यावर उजवी बाही उसवायची," ती म्हणाली. "मग पाठ, मग पोट. नीलमचा एक टाका ठेवायचा नाही. सगळा मी विणणार."

"आणि तोवर मी काय घालू?"

"डावी बाही," नेत्रा म्हणाली.