सासरची फिल्म, माहेरची फिल्म

कडाडून भांडायचंच, असं ठरवून योगिनी कॉलेज रोडवरच्या स्टुडिओत शिरली... आणि समोरचा तरुण इतकं गोड हसला, की पाठ केलेलं पहिलं वाक्यच ती विसरली.

"ताईच्या लग्नाच्या फिल्ममधून तुम्ही आमच्या मामाला गाळलंत," ती कशीबशी म्हणाली. "नवरीला मांडवात मामाच आणतो ना? तेच नाही. मामाचा राग म्हणजे नाकावर. आईचा फोनही उचलत नाही, आणि आई रोज रडते."

लग्नाचं शूटिंग नि एडिटिंग त्या तरुणाचं, देवव्रतचंच. त्याने कॉम्प्युटरवर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. शूटिंग एकच, पण फिल्म दोन केल्या होत्या, सासरची वेगळी, माहेरची वेगळी. मामा होता तो माहेरच्या फिल्ममध्ये, आणि पाठवताना अदलाबदल झाली होती.

"चूक माझीच. पण एका तुकड्यापायी एवढं होईल असं..."

"होतं." योगिनीचा राग कुठल्या कुठे पळाला होता. "मी पीएचडीला हेच करते. जनुक एकच, पण पेशी त्याच्या नकलेतले काही तुकडे ठेवते, काही गाळते. मग एकाच जनुकापासून वेगवेगळी प्रोटीन बनतात. ज्या तुकड्याने प्रोटीन शेजाऱ्याचा हात धरतं, तोच गळला, तर ते नातं तुटतं – कधी दुसरंच जुळतं. सगळं जाळंच बदलतं."

"दुसरंच जुळतं?" त्याने हळूच विचारलं.

ती उगाचच ओढणी सारखी करू लागली.

रविवारी दोघं एसटीने मामाच्या गावी, येवल्याला गेली. मामाने मान वर केली नाही. हातमाग खटखटत राहिला. देवव्रतने मुकाट्याने लॅपटॉप स्टुलावर ठेवून माहेरची फिल्म लावली. पडद्यावर ताईचा हात धरून मामा मांडवात आला, आणि खटखट थांबली.

"फेटा लय वाकडा हाय माझा," मामा डोळे पुसत म्हणाला. "आक्काला फोन लाव गं, तुझ्या आईला."

योगिनीने फोन लावून त्याच्या हातात दिला. देवव्रतकडे पाहायचं तिने मुद्दाम टाळलं, आणि तरी पाहिलंच.

परतताना बसच्या खिडकीतून कांद्याचा वास येत होता.

"सगळे असतात फिल्ममध्ये," तो म्हणाला. "मीच नसतो कुठे... कॅमेऱ्यामागे."

ती त्याच्याकडे वळली.

"मला मांडवात आणायला मामा आहे आता," ती म्हणाली. "त्या दिवशी कॅमेरा दुसऱ्या कुणाकडे दे. तू अंतरपाटापलीकडे हवास."